पोरांना घेऊन नेचर क्लब जॉईन करायचाय? मग आधी एक रविवार नुसता बघण्यात घालवा

गेल्या महिन्याभरात तीन जणींनी मला हेच विचारलं, अगं तुम्ही पोरांना घेऊन जंगलात वगैरे जाता तो ग्रुप कुठला, आम्हालाही यायचंय, फी किती? फी हा खरं तर शेवटी विचारायचा प्रश्न पण सगळे सुरुवात तिथूनच करतात, मीही तिथूनच केली होती. तर प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. मी ठाण्यात राहते, मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी सहाची, आणि चार वर्षं झाली आम्ही चौघं एका छोट्याशा क्लबबरोबर फिरतोय. त्यामुळे हे सगळं मुंबई-ठाणे-पुणे या पट्ट्यातलं आहे, नाशिक-कोल्हापूरवाल्यांनी जागा बदलून वाचा.

एक गोष्ट आधीच क्लिअर करते. नेचर क्लब म्हणजे क्लास नाही. गेटवर सोडलं, बारा वाजता घेतलं, मधल्या वेळेत आपण डी-मार्ट उरकलं असं इथे होत नाही, निदान चांगल्या क्लबात तरी होत नाही. फॅमिली क्लब म्हणजे आई-बाबांनी पण चालायचं, चिखलात बसायचं, डबा उघडून शेजारच्या पोराला पण वाढायचं. तेवढी तयारी नसेल तर मे महिन्यातलं एखादं शिबिर बघा, त्यात काही वाईट नाही, फक्त ती वेगळी गोष्ट आहे.

आता शोधायचं कुठे. मोठ्या जुन्या संस्थांपासून सुरुवात करा असं मी म्हणेन, कारण तिथे निसर्ग दाखवणारी माणसं खरंच अभ्यास केलेली असतात. बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, १८८३ पासून आहे, सलीम अलींची संस्था म्हणून आपल्याला माहीत असते पण तिथे सर्वसामान्य माणसाला मेंबर होता येतं हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. फोर्टात लायन गेटसमोर हॉर्नबिल हाउस हे त्यांचं ऑफिस, आणि गोरेगावला फिल्म सिटीच्या आत, संजय गांधी नॅशनल पार्कला लागून त्यांचं एक शिक्षण केंद्र आहे, ३३ एकरांचं जंगलच म्हणा ना. तिथले ट्रेल लहान मुलांसाठी मस्त, कारण चालणं कमी आणि थांबून बघणं जास्त. बोरिवलीच्या संजय गांधी उद्यानाचं स्वतःचं निसर्ग माहिती केंद्र पण मुलांसाठी ट्रेल आणि वर्कशॉप घेतं (सोमवारी पार्क बंद असतो, आम्ही एकदा सुट्टी बघून सोमवारीच गेलो होतो आणि गेटवर कणीस खाऊन परत आलो).

ज्यांना डोंगर नको त्यांच्यासाठी समुद्र आहे की. मरीन लाइफ ऑफ मुंबई नावाचा उपक्रम २०१७ पासून चालू आहे, ते लोक ओहोटीच्या वेळी गिरगाव चौपाटी, जुहू, हाजी अली अशा ठिकाणी वॉक काढतात. मी जन्मापासून चौपाटीवर भेळ खातेय पण तिथल्या खडकांत अ‍ॅनिमोन (फुलासारखे दिसणारे समुद्री प्राणी) असतात हे मला पस्तिसाव्या वर्षी कळलं. तारीख भरती-ओहोटी बघून ठरते म्हणून ती रविवारचीच असेल असं नाही, तेवढं अ‍ॅडजस्ट करावं लागतं.

मग यूथ हॉस्टेल्स असोसिएशन, आपल्या भाषेत वाय-एच-ए-आय. नावात यूथ असलं तरी त्यांचे फॅमिली कॅम्प असतात, हिमालयात सुद्धा, आणि गावोगावची युनिटं शनिवार-रविवारचे ट्रेक काढतात. मेंबरशिप वर्षाची किंवा आजीवन घेता येते, आणि मोठ्या कॅम्पसाठी डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट लागतं, ते आदल्या रात्री आठवलं की फॅमिली डॉक्टरची बोलणी खावी लागतात. शाळेत स्काउट-गाइडचं पथक चालू असेल तर तेही विचारा, आपल्या पिढीनंतर ते बंदच झालं असा माझा समज होता पण बऱ्याच शाळांत लहानांच्या कब-बुलबुलपासून अजून सुरू आहे.

याच्या खालोखाल येतात स्थानिक गिर्यारोहण संस्था आणि चार-पाच कुटुंबांनी सुरू केलेले घरगुती क्लब. प्रत्येक उपनगरात एखादा तरी असतोच पण यांची जाहिरात नसते, तुम्हाला शोधावं लागतं. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना विचारा, कॉलेजच्या झूलॉजी-बॉटनी डिपार्टमेंटला विचारा, किंवा सरळ रविवारी सकाळी ठाण्यात येऊरच्या जंगलाच्या गेटवर किंवा पुण्यात असाल तर वेताळ टेकडीवर जाऊन गळ्यात दुर्बीण लटकवलेल्या काकांना गाठा. आम्हाला आमचा क्लब असाच मिळाला, ओवळेकर वाडीच्या फुलपाखरू उद्यानात माझी मुलगी एका अनोळखी आजोबांचं बोट धरून निघून गेली आणि ते आजोबा निघाले क्लबचे.

आणि तिसरा प्रकार म्हणजे रील बघून कळणारे कमर्शियल ग्रुप. सगळे वाईट असतात असं अजिबात नाही. पण माझा अनुभव सांगते, नाव नाही सांगत. क्लब मिळायच्या आधी आम्ही एका ग्रुपबरोबर जुलैत एका किल्ल्यावर गेलो, जाहिरातीत "किड्स फ्रेंडली" लिहिलेलं. प्रत्यक्षात दोन बसभर माणसं, लीडर म्हणून कॉलेजची दोन पोरं, दोघंही पुढे. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा, त्याची चप्पल-कम-सँडल तुटली (चूक माझी, सँडल घालून नेलं), आम्ही मागे पडलो आणि मागे कुणीच नव्हतं. धुकं, पाऊस, वाट दोन ठिकाणी फुटलेली. पायथ्याच्या गावातल्या एका मावशी गुरं घेऊन येत होत्या त्यांनी आम्हाला खाली आणून सोडलं. बसमध्ये आमची कुणी गणतीसुद्धा केली नव्हती.

तेव्हापासून माझी क्लब पारखायची एकच टेस्ट आहे, आणि या सगळ्या लिखाणातलं एवढंच लक्षात ठेवलंत तरी चालेल, शेवटच्या पोराबरोबर कोण चालतंय ते बघा. पैसे भरायच्या आधी, मेंबर व्हायच्या आधी, त्यांच्या एका छोट्या ट्रेलला पाहुणे म्हणून जा. बहुतेक चांगले क्लब एकदा तसं येऊ देतात, नाममात्र पैसे घेतात किंवा घेतही नाहीत. आणि गेल्यावर पुढे जाऊ नका, मुद्दाम मागे रेंगाळा. सगळ्यात मागे एक जबाबदार मोठं माणूस आहे का? ते रेंगाळणाऱ्या पोराला "चल चल लवकर" करतंय की त्याच्याबरोबर खाली बसून गोगलगाय बघतंय? पुढची टीम थांबते का, आणि महत्त्वाचं म्हणजे मागचे पोचल्या पोचल्या लगेच उठून चालायला लागते की मागच्यांना पण पाणी प्यायला वेळ देते? हे शेवटचं फार कमी जण करतात, स्वतः कधी शेवटी चालल्याशिवाय ते कळतच नाही.

त्याच ट्रेलवर आणखी दोन-चार गोष्टी आपोआप दिसतात. ब्लूटूथ स्पीकर आणलाय का कुणी. लीडर प्रश्नाला "माहीत नाही, बघू या" म्हणतो की काहीतरी ठोकून देतो. फुलं-पिसं तोडून-उचलून घरी न्यायला देतात का. आणि काजव्यांच्या सीझनमध्ये, म्हणजे मे अखेर ते जून, भंडारदऱ्याकडे नेणार असतील तर टॉर्च आणि फ्लॅशबद्दल काय नियम आहे ते नक्की विचारा, कारण उजेड पडला की काजव्यांचं एकमेकांना खुणावणंच बिघडतं आणि तिथे हल्ली गाड्यांच्या हेडलाइट्सच जास्त चमकतात.

मग ऑफिशियल प्रश्न. हे विचारायला लाजू नका, चिडला तर तो क्लब आपला नाही. किती मुलांमागे किती मोठी माणसं? (आमच्याकडे साधारण आठ मुलांमागे एक लीडर, शिवाय पालक.) फर्स्ट एड कुणाला येतं? जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं हे निघायच्या आधी माहीत आहे का? साप चावला तर काय करणार, यावर उत्तर "पाय न हलवता ठेवायचा, १०८ ला फोन, सरळ सरकारी दवाखाना" असं आलं तर शाबास, आणि कुणी ब्लेड, दोरी, जडीबुटी असलं काही बोललं तर तिथून उठा. बाकी सापाची भीती मनात असेल तर सांगते, चार वर्षांत आम्हाला वाटेत दोनदाच दिसला, दोन्ही वेळा तोच आधी पळाला. पण नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार मुलांना फोटोवरून ओळखता यायला हवेत, आमच्या क्लबात पहिल्या महिन्यात तेच शिकवतात.

राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलंय, त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते, तेव्हा ट्रेक, रॅपलिंग, कॅम्प असलं काही करणारी संस्था असेल तर नोंदणी आहे का हे विचारणं तुमचा हक्क आहे. दर महिन्याला झाडं-पक्षी बघायला जमणाऱ्या सहा घरांच्या ग्रुपकडे कसलं आलंय सर्टिफिकेट, तिथे मी माणसं बघते.

पावसाळ्याचा नियम मात्र वेगळा विचारा. आमच्या क्लबात जून ते सप्टेंबर वाहत्या पाण्यात पाय घालायचा नाही म्हणजे नाही, धबधबा लांबून बघायचा. सुरुवातीला मला हे अति वाटायचं. २०२४ च्या जूनअखेर लोणावळ्याला भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली, ते सगळ्यांनी मोबाईलवर बघितलं, त्यानंतर आमच्यात यावर वाद झालेला नाही. वर पाऊस पडला की खाली ऊन असतानाही पाणी वाढतं, मुलांना हे एकदा नकाशावर दाखवलं की कळतं. शिवाय पावसात काही ठिकाणी प्रशासन बंदी घालतं, तेव्हा "आम्ही मागच्या वाटेने नेतो" म्हणणारा लीडर कितीही गोड बोलला तरी नको.

बरं, क्लब आवडला, जॉईन व्हायचं ठरलं. फॉर्म भरताना खरं लिहा. दमा, फिट, अ‍ॅलर्जी, मधमाशी चावल्यावर मागे अंग सुजलं होतं का, रात्री अंथरूण ओलं होतं का, सगळं. आपल्याला वाटतं लिहिलं तर घेणार नाहीत, पण न लिहिता गेलं तर त्रास पोराला होतो. एका मुलाच्या आईने कॅम्पच्या फॉर्मवर नव्हे तर लीडर ताईच्या कानात ते अंथरुणाचं सांगितलं, ताईने त्याला रात्री दोनदा "चल चांदण्या बघू" म्हणून उठवलं, विषय संपला, कुणाला कळलंही नाही. रिस्कच्या कागदावर सही मागतील, ती सगळे मागतात, घाबरू नका पण वाचा. फीमध्ये प्रवास, नाश्ता, वनखात्याची एंट्री काय काय धरलंय आणि रद्द झालं तर काय, एवढं मेसेजवर लिहून घ्या.

पहिली आउटिंग कुठली निवडायची? किल्ला नको. मला माहितेय सगळ्यांना पहिल्याच फटक्यात राजगडावर फोटो हवा असतो, कळसूबाई करायचं असतं, १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर वगैरे वगैरे. जाईल कुठे, तिथेच आहे ते. आधी दोन तासांचं काहीतरी घ्या जिथून कंटाळा आला की परत फिरता येतं. माहीम निसर्ग उद्यान घ्या, धारावीच्या कडेला मिठी नदीजवळ ३७ एकर, पूर्वी तिथे शहराचं डम्पिंग ग्राउंड होतं, हे सांगितलं की मुलं झाडांकडे वेगळ्याच नजरेने बघतात. किंवा हिवाळ्यात ऐरोलीहून ठाणे खाडीत बोटीने फ्लेमिंगो बघायला, यात आजी-आजोबा पण येऊ शकतात, माझ्या सासूबाई आल्या होत्या आणि आख्ख्या बोटीत सगळ्यात जास्त प्रश्न त्यांनीच विचारले. मग कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य, मग कान्हेरी लेणी. पाच-सहा वेळा असं झालं की लोहगड. मळवलीला उतरायचं, जाताना भाजे लेणी, वर चांगल्या पायऱ्या आहेत, आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या आपल्या किल्ल्यांत तो आहे म्हणून शाळेत भाव खायला पण बरा. फक्त पावसाळ्यातला रविवार सोडून जा, तेव्हा तिथे किल्ला दिसत नाही, माणसं दिसतात.

सामानाचं थोडक्यात. सगळ्यांचं डेकॅथलॉनमध्ये जाऊन पाच हजार उडवायचं ठरलेलं असतं, थांबा, तीन ट्रेल होऊ देत. पहिल्यांदा शाळेचे पीटीचे बूट जर सोल झिजलेला नसेल तर चालतात. जीन्स नको, भिजली की दगड होते. फुल पँट, फुल बाह्या, मातकट-हिरवे रंग, टोपी, शिट्टी. शिट्टी प्रत्येक मुलाच्या गळ्यात, आणि हरवलो तर जागेवरच उभं राहून तीनदा वाजवायची, हे घरी खेळ म्हणून खेळून घ्या. छत्री नको रेनकोट, कारण हात मोकळे लागतात. डिओ-परफ्यूम अजिबात नको, किल्ल्यांच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात आणि उग्र वास, धूर, आरडाओरडा यांनी ती उठतात. सॅक पोराची पोराने उचलायची, म्हणून त्यात फक्त त्याचं पाणी, खाऊ आणि एक वही. खाऊ म्हणजे चिप्स नाही, ते खाऊन तहान लागते, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, गूळपोळी असली तर देवच पावला. जेवायला पोळीभाजीचा रोल. परतताना पायथ्याच्या गावात कुणाकडे तरी पिठलं-भाकरी सांगून ठेवा, हे क्लबवालेच करतात, आणि त्या घरात जेवणं हा मुलांसाठी ट्रेलइतकाच मोठा भाग असतो.

वाटेत पहिल्या वीस मिनिटांत "अजून किती राहिलंय" येणारच. खोटं सांगू नका, "हे काय आलंच" दोनदा चालतं, तिसऱ्यांदा पोर तुमच्यावर विश्वास ठेवत नाही. त्याला काम द्या. आमच्याकडे मुलांना शोधायला यादी देतात, राज्यवाली. राज्यपक्षी हरियाल, म्हणजे हिरवं कबुतर, वड-उंबराला फळं आली की ठाण्यात सुद्धा दिसतो. राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन म्हणजे राणी पाकोळी, २०१५ ला असं फुलपाखरू जाहीर करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. राज्यफूल ताम्हण, ते तर सोसायटीच्या कंपाउंडला असतं. राहता राहतो राज्यप्राणी शेकरू, म्हणजे मोठी खार, त्याच्यासाठी भीमाशंकर गाठावं लागतं आणि तिथेही नशीब लागतं, माझ्या मुलाला तिसऱ्या फेरीत दिसला तेव्हा तो ओरडला नाही, नुसता माझा हात दाबला. फोनवर मर्लिन हे अ‍ॅप टाकून ठेवा, पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सुचवतं, पण फोन आई-बाबांच्या खिशात आणि मुलांनी आधी आपला अंदाज सांगायचा, मगच बघायचं.

काही गोष्टींना वर्षं लागतात हेही सांगून ठेवते. नॅशनल पार्कातली कारवीची झुडपं घ्या, ती दर आठ वर्षांनी फुलतात, २०१६ ला फुलली, मग २०२४ ला. माझी मुलगी तेव्हा जेमतेम पाच वर्षांची, जांभळे डोंगर बघून म्हणाली परत कधी, मी म्हटलं तू तेरा वर्षांची झालीस की. आता घरात कॅलेंडर नसतानाही २०३२ ची तारीख ठरलेली आहे.

जॉईन झाल्यावर सहा महिन्यांत तुमच्यावर काम येईल, येऊ द्या. कुणी खाऊचा हिशेब बघतं, कुणी फर्स्ट एड बॉक्स, कुणी ट्रेनची तिकिटं. मला शेवटी चालायचं काम दिलंय, आमच्यात त्याला शेपूट म्हणतात. नवऱ्याला पक्ष्यातलं कावळा-चिमणीपलीकडे काही कळत नाही पण तो स्टेशनवर सगळ्यांची गणती करतो आणि ते तो फार मनापासून करतो. वादही होतात हं, प्लॅस्टिकच्या बाटल्यांवरून, उशिरा येण्यावरून, एकदा तर कॅम्पफायर हवा की नको यावरून ग्रुपवर दोन दिवस युद्ध झालं (नको जिंकलं, जंगलात शेकोटी कशाला). फॅमिली क्लब म्हटला की भाऊबंदकी पण आलीच.

मुलं तेरा-चौदाची झाली की आपल्याबरोबर यायला नाही म्हणतात. तेव्हाच क्लब कामाला येतो, कारण ती आई-बाबांबरोबर येत नाहीत पण मित्रांबरोबर येतात. चांगला क्लब या वयाच्या मुलांना ज्युनिअर लीडर करतो, लहानांची जबाबदारी देतो. त्यामुळे बघायला गेलात तेव्हा मोठी मुलं दिसतात का हेही बघा. फक्त सहा-सात वर्षांची पोरं असतील तर क्लब नवीन आहे किंवा मोठी टिकत नाहीत, दोन्हीपैकी काय ते विचारून घ्या.

आणि जवळपास काहीच नसेल तर? चार घरं जमवा. महिन्यातला एक रविवार पक्का करा, तो बदलायचा नाही, नाहीतर दुसऱ्या महिन्यातच बारसं-लग्न-मॅच यात सगळं बुडतं. जागा घरापासून तासाभराच्या आत. संरक्षित जंगलात जायचं असेल तर आधी वनखात्याच्या रेंज ऑफिसात जाऊन आरएफओ (वनपरिक्षेत्र अधिकारी) साहेबांना भेटा, आम्ही भेटलो तेव्हा त्यांनी परवानगी तर दिलीच, वर एक वनरक्षक दादा बरोबर दिले आणि त्या दिवशी मुलांना बिबट्याचे ठसे कुत्र्याच्या ठशांपेक्षा वेगळे कसे ते कळलं, कुत्र्याची नखं उमटतात, बिबट्याची नाही. पहिल्या वेळी जास्त चालू नका. एक झाड निवडा, त्याच्याभोवती अर्धा तास बसा, कोण कोण येतं ते लिहा. आणि वेळ सातची सांगा म्हणजे साडेसातला निघता येईल.